आत्तींना बसवून ठेवू नका

पत्र

मॅडम, नमस्कार. आम्ही खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला एका खेड्यात राहतो. घरात मी, आमचे हे, दोन मुलं आणि सासूबाई. आत्तींचं वय ७४. आषाढातल्या पावसात त्या न्हाणीत घसरून पडल्या. बेळगावला नेऊन एक्सरे काढला, हाड मोडलं नव्हतं. पण कंबर आणि मांडी बरेच दिवस दुखली. त्याआधी उन्हाळ्यातही एकदा परड्यात तोल जाऊन पडल्या होत्या, ते आम्हाला नंतर कळलं. तेव्हापासून ह्यांनी ठरवलंय की आईला काही करू द्यायचं नाही. 'तू बस, तुला काय पाहिजे ते जागेवर मिळेल' म्हणतात. पाणी, जेवण, सगळं सोप्यात पलंगाजवळ. आत्तीही घाबरल्यात. आता चार महिने झाले, भिंत धरल्याशिवाय चालत नाहीत. दिवसभर लावणीला वाकणाऱ्या बाईला पलंगावरून उठताना माझा हात लागतो. दवाखान्यातून व्यायामाचा एक कागद दिला होता, कानडी-इंग्रजीत. चित्रं बघून दोन-तीन दिवस केलं, पण किती वेळा करायचं, किती दिवस करायचं ते समजेना, म्हणून सोडलं. शेजारच्या म्हणतात, ह्या वयात कसला व्यायाम, करताना परत पडल्या म्हणजे? नणंद म्हणते, रोज थोडं चालवा, पुरे. व्यायाम करावा का? कोणता? चालणं पुरेल का? आणि मामंजींची जुनी काठी घरात आहे, ती त्यांना द्यावी का? आता सुगी चालू आहे, मला दिवसभर सवड नसते, तेही लक्षात घेऊन सांगा.
— एक सून, खानापूर तालुका

उत्तर

ताई,

आधी उत्तर देते, मग कारणं. आत्तींनी व्यायाम करावा. नुसतं चालणं पुरणार नाही. आणि त्यांना पलंगावर बसवून ठेवणं आजच थांबवा. आत्ती आज भिंत धरून चालतात याला न्हाणीतलं पडणं कारण आहेच, पण त्याहून मोठं कारण नंतरचे चार महिने आहेत.

हाड मोडलं नव्हतं. मुका मार काही आठवड्यांत उतरतो. मग चार महिन्यांनी उठायला हात का लागावा? बसून राहिल्यानं. म्हातारपणी पायातलं मांस फार लवकर झडतं, आणि ते किती लवकर याचा आपल्याला अंदाज नसतो. अमेरिकेत २००७ साली छापून आलेल्या एका अभ्यासात धडधाकट म्हाताऱ्या माणसांना १० दिवस अंथरुणावर ठेवलं होतं. त्यांना आजार नव्हता, दुखणं नव्हतं. तरी त्या १० दिवसांत दोन्ही पायांतलं मिळून जवळजवळ एक किलो मांस कमी झालं. आत्ती पूर्ण झोपून नाहीत हे खरं, पण १० दिवस कुठे आणि चार महिने कुठे!

यजमान आईवरच्या मायेपोटीच असं करतात. असे मुलगे मी खूप पाहिलेत, आणि त्यांना रागावून बोलावं असं मला कधी वाटत नाही. पण त्यांना हे नीट समजावून सांगा, किंवा हे पत्रच वाचायला द्या. माणूस पडतो, मग घाबरतो. घाबरला की हालचाल कमी करतो. हालचाल कमी झाली की मांड्या, पोटऱ्या, घोटे अशक्त होतात, तोल जातो, आणि तो परत पडतो, या वेळी आधीपेक्षा जोरात. आपण पाणी हातात देतो, ताट पुढ्यात ठेवतो, तेव्हा हे चक्र आपणच फिरवत असतो. एका पडण्यातून वाचवायला म्हणून आपण दुसऱ्याची तयारी करतो.

तोल म्हणजे नेमकं काय, तेही सांगते, म्हणजे पुढचे व्यायाम असे का आहेत ते कळेल. डोळे, कानाच्या आतला एक नाजूक अवयव, आणि तळपाय-घोटे-गुडघे यांच्याकडून मेंदूला सतत खबर जाते की शरीर कुठे कलतंय. मेंदू त्यावरून पायांना हुकूम देतो. पाय अडखळला तर पुढच्याच क्षणी दुसरा पाय चटकन पुढे टाकून अंग सावरावं लागतं. हुकूम वेळेवर पोचला पण मांडीत जोर नाही, तरी माणूस पडतो. जोर आहे पण हुकूम उशिरा पोचला, तरी पडतो. म्हणून ताकद आणि तोल, दोन्हींचा सराव लागतो. आणि दोन्ही गोष्टी म्हातारपणीही सुधारतात. १९९० साली बॉस्टनमध्ये नव्वदीच्या आसपासच्या, वृद्धाश्रमात राहणाऱ्या अशक्त माणसांना आठ आठवडे पायांनी वजन उचलायला लावलं, तर त्यांच्या मांड्यांची ताकद दुपटीहून जास्त झाली. आत्ती तर ७४ च्या आहेत.

शेजारच्यांचा प्रश्न मला फालतू वाटत नाही. व्यायाम करताना पडल्या तर? त्याचं उत्तर न्यूझीलंडमध्ये फार चांगलं मिळालं. तिथल्या ओटागो विद्यापीठाच्या मंडळींनी ८० वर्षं ओलांडलेल्या २३३ बायकांवर एक चाचणी केली, १९९७ साली ती प्रसिद्ध झाली. अर्ध्या बायकांना फिजिओथेरपिस्टनं घरी जाऊन ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम शिकवले, बाकीच्यांकडे नुसतं जाणं-येणं, गप्पा. वर्षभरात गप्पावाल्या गटात १५२ वेळा पडणं झालं, व्यायामवाल्या गटात ८८ वेळा. जिम नाही, यंत्र नाही. घरातलीच जागा आणि पायाला बांधायचं थोडं वजन, एवढंच. पुढे २०१९ साली २५ देशांतल्या १०८ चाचण्या एकत्र करून पाहिल्या, त्यात २३ हजारांहून जास्त माणसं होती. व्यायामानं पडण्याचं प्रमाण सरासरी २३ टक्क्यांनी घटतं, आणि तोलाबरोबर ताकदीचे व्यायामही असतील तर सुमारे ३४ टक्क्यांनी, असं त्यात दिसलं. नुसत्या चालण्यानं पडणं कमी होतं असं मात्र त्यातून सिद्ध झालं नाही.

नणंदबाईंना हे शेवटचं वाक्य जरूर सांगा. चालणं चांगलंच आहे, हृदयाला, साखरेला, झोपेला. पण सपाट अंगणात दहा फेऱ्या मारल्यानं तोलाची परीक्षा होत नाही, आणि मांडीला जड काम पडत नाही. ज्या बाईचा तोल आधीच कच्चा आहे तिला 'फिरून या' म्हणून एकटीनं खडबडीत वाटेवर सोडणं तर धोक्याचंच. आधी पाय पक्के करायचे, मग चालणं वाढवायचं, असा क्रम धरा.

सुरू करण्याआधी एक फेरी डॉक्टरांकडे मारा. वर्षात दोनदा पडणं झालंय, तेव्हा ही फेरी टाळू नका. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातही हे होतं. तिथे चार गोष्टी मागून घ्या. पहिली, रक्तदाब झोपवून मोजायला सांगा, मग उभं करून तीन मिनिटांच्या आत परत मोजायला सांगा. उभं राहिल्यावर वरचा आकडा २० नं किंवा खालचा १० नं उतरला, तर उठताना येणारी अंधारी हेच पडण्याचं कारण असू शकतं, आणि त्यावर इलाज आहे. दुसरी, सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या. झोपेच्या गोळ्या, रक्तदाबाच्या, लघवी जास्त करणाऱ्या, साखरेच्या, यांतल्या कशानंही तोल जाऊ शकतो. पण घरच्या घरी एकही गोळी बंद करू नका, डॉक्टरांना ठरवू द्या. तिसरी, डोळे. मोतीबिंदू पिकायची वाट बघत बसण्याची पद्धत आपल्याकडे अजून आहे. तशी वाट बघायची आता गरज नाही. चौथी, साखर असेल तर तळपायाला स्पर्श नीट कळतो का ते. बाकी चक्कर येऊन शुद्ध हरपली असेल, छातीत दुखत असेल किंवा थोडं चाललं तरी धाप लागत असेल, तर डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत व्यायाम थांबवा.

आता व्यायाम. कागदावर किती वेळा ते समजलं नाही, म्हणून मी आकड्यांसकट सांगते.

पहिल्या दिवशी फक्त मोजमाप करा. हात नसलेली, न हलणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. आत्तींनी हात छातीवर दुमडून उठायचं, पूर्ण सरळ उभं राहायचं, बसायचं. ३० सेकंदांत किती वेळा जमतं ते मोजा. अमेरिकेच्या आरोग्य यंत्रणेनं ठरवलेल्या मापानं ७० ते ७४ वयाच्या बाईला किमान १० वेळा जमायला हवं. हात टेकल्याशिवाय एकदाही जमलं नाही तर शून्य लिहा, त्यात लाज कसली. दुसरं मोजमाप तोलाचं. एका पावलाची टाच दुसऱ्या पावलाच्या अंगठ्याला टेकवून, दोन्ही पावलं एका रेषेत ठेवून १० सेकंद उभं राहता येतं का पाहा. तुम्ही अगदी शेजारी उभ्या राहा, पण धरू नका. दोन्ही आकडे भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखेखाली लिहा.

सगळ्यात महत्त्वाचा व्यायाम तोच, खुर्चीतून उठणं-बसणं. एकच करायचा झाला तर मी हाच सांगेन, कारण मांडीचं पुढचं मांस यानंच भरतं, आणि शौचाला, न्हाणीला, देवापुढे, जिथे तिथे हीच हालचाल लागते. सुरुवातीला हात टेकून चालेल. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर घडी घातलेली वाकळ ठेवून बैठक उंच करा. पाऊल थोडं मागे घ्यायचं, नाक पायाच्या बोटांच्या पुढे येईल इतकं पुढे वाकायचं, आणि उठायचं. बसताना धपकन बसू द्यायचं नाही, मनात तीन मोजत हळू टेकायचं. उतरताना जो जोर लागतो तोच खरा कामाचा. आधी पाच वेळा, थोडं थांबून परत पाच. हे सोपं झालं की दहा आणि दहा. तेही सोपं झालं की एका हाताचा आधार, मग बिनहाताचं, मग वाकळ काढून टाकायची. सोपं झालं की अवघड करायचं, हा नियम विसरू नका. घरोघरी व्यायाम फसतो तो इथे. महिनाभर जे केलं तेच वर्षभर चालू राहतं आणि अंगाला काहीच नवं काम पडत नाही.

उभ्यानं करायचे व्यायाम स्वयंपाकाच्या कट्ट्याला धरून करा. दोन्ही टाचा उचलून चवड्यांवर उभं राहायचं, दहा वेळा. मग टाचांवर उभं राहून चवडे उचलायचे, दहा वेळा. याकडे लोक दुर्लक्ष करतात, पण उंबऱ्याला पाऊल अडखळतं ते नडगीपुढचं मांस अशक्त झाल्यानं, आणि ते यानंच भरतं. मग एक पाय सरळ बाजूला उचलायचा, हळू खाली आणायचा, प्रत्येकी दहा. कमरेच्या बाजूचं मांस यानं पक्कं होतं, आणि कलताना तेच सावरतं. मग गुडघ्यातून पाय मागे दुमडायचा, तोही दहा वेळा. दोन आठवड्यांनी हे हलकं वाटायला लागेल. तेव्हा जुन्या लुगड्याच्या फडक्याची लांबट पिशवी शिवून तीत अर्धा किलो तांदूळ भरा आणि घोट्याला बांधा. दहा-दहाच्या दोन फेऱ्या आरामात झाल्या की तांदूळ वाढवा. दहाव्या वेळी पाय थोडा जड वाटला पाहिजे. नाही वाटला तर वजन कमी पडतंय.

तोलाचे व्यायाम भिंतीच्या कोपऱ्यात करा. पाठीमागे कोपरा, पुढे खुर्चीची पाठ, म्हणजे कुठेही कललं तरी आधार आहे. पावलं जुळवून १० सेकंद. मग एक पाऊल अर्धं पुढे. मग टाच-अंगठा एका रेषेत. मग एका पायावर. आधी दोन्ही हातांनी खुर्ची धरून, मग एका हातानं, मग दोन बोटांनी, मग हात नुसता खुर्चीवर तरंगता. थोडं डगमगलं पाहिजे. अजिबात डगमगत नसेल तर तो तोलाचा व्यायामच नाही, आणि फार डगमगत असेल तर एक पायरी मागे या. एवढं आलं की कट्ट्याच्या कडेनं आडवं, खेकड्यासारखं चालायचं, दोन्ही दिशांना दहा-दहा पावलं. आणि शेवटी टाचेला अंगठा लावत भिंतीच्या कडेनं एका रेषेत चालायचं.

हे शेवटचं आत्तींना शिकवावं लागणार नाही. भाताच्या बांधावरून डोक्यावर बुट्टी घेऊन ज्या जन्मभर चालल्या, त्या हेच करत होत्या. त्यांना 'व्यायाम' म्हणून सांगितलं तर त्या लाजतील, शेजारणी हसतील म्हणतील. 'आत्ती, बांधावरनं चालून दाखवा बघू' म्हणा. अंगात मुरलेलं असतं ते. फक्त पायांत जोर परत यायला हवा.

आठवड्यातून तीन दिवस, एक दिवस आड, अर्धा-अर्धा तास एवढा वेळ द्या. एकदम अर्धा तास जमणार नाही, तर सकाळी पंधरा मिनिटं, संध्याकाळी पंधरा. मांड्या एक-दोन दिवस ठणकल्या तर घाबरू नका, काम झाल्याची ती खूण आहे. सांध्यात टोचल्यासारखं दुखलं, सूज आली, तर तो व्यायाम थांबवून विचारा. फरक सहा ते आठ आठवड्यांत दिसायला लागतो. त्यानंतर सोडला तर मिळवलेलं परत जातं, म्हणून हे जेवणासारखं कायमचं धरा. ताप, खोकला होऊन पंधरा दिवस बुडाले तर जिथे सोडलं होतं तिथून सुरू करू नका, दोन पायऱ्या खाली उतरून सुरू करा. आणि मांस भरायचं तर पोटात तसं गेलं पाहिजे. रोजच्या जेवणात डाळ किंवा कुळथाचं पिठलं, दूध-ताक, खात असतील तर अंडं. चहा-बिस्किटावर आणि पेजेवर पाय भरत नाहीत.

सुगीत सवड नाही म्हणता, ते मला मान्य आहे. भाताची कापणी, मळणी अंगावर असताना सुनेला आणखी एक काम लावणारा सल्ला कामाचा नाही. यावर सिडनीतल्या संशोधकांनी एक वेगळी वाट शोधली, २०१२ साली ती छापून आली. वेगळा वेळ काढायचाच नाही, रोजच्या कामातच तोल आणि ताकद घालायची. त्यातूनही पडण्याचं प्रमाण ३१ टक्क्यांनी कमी झालं. आपल्या घरात ते असं बसेल. आत्तींनी दात घासताना मोरीच्या कठड्याला एक हात लावून पावलं एका रेषेत ठेवायची. भाजी निवडायला बसताना एकदा बसायच्या ऐवजी तीनदा उठून-बसून मग बसायचं. चहा उकळेपर्यंत कट्ट्याशी टाचा वर-खाली. पाण्याचा तांब्या पलंगाजवळ ठेवायचा नाही, माजघरात ठेवायचा, तहान लागेल तेव्हा उठून जायचं. शेंगा फोडणं, तांदूळ निवडणं, फुलं वेचणं, त्यांची कामं त्यांना परत द्या. त्यांनी घरात फिरावं म्हणूनच नव्हे, तर त्या घरातल्या कर्त्या बाई आहेत म्हणूनही. चार महिन्यांत त्यांचं तेही गेलंय, आणि भीतीत त्याचाही वाटा आहे.

आणि यात यजमानांचा भाग असायला हवा. आईची काळजी त्यांना आहे, मग तिसऱ्या प्रहरी नाही तरी संध्याकाळी हातपाय धुऊन आल्यावर पंधरा मिनिटं त्यांनी आईशेजारी उभं राहावं. धरायचं नाही, ओढायचं नाही, अर्ध्या हातावर उभं राहायचं आणि मोजायचं. मुलगा मोजतोय म्हटल्यावर आई दोन जास्तच करते, हे मी स्वतः पाहिलंय. नातवंडांनाही घ्या. कॅलेंडरवर आकडा लिहायचं काम त्यांचं. महिन्यानं परत ३० सेकंद लावा. शून्याचे तीन झाले तरी तो मोठा पल्ला आहे.

आत्तींची भीती मात्र 'काही होत नाही हो' म्हणून जाणार नाही. त्या खरंच पडल्या आहेत, अंगाला आठवण आहे. भीती जाते ती, पडलं तर उठायचं कसं हे माहीत झाल्यावर. म्हणून महिनाभरानं, पाय थोडे भरल्यावर, एक गोष्ट मुद्दाम शिकवा. जमिनीवर जाड वाकळ अंथरा, शेजारी भिंतीला टेकवलेली खुर्ची, दोघं जण जवळ. आत्तींनी खुर्ची धरून एक गुडघा टेकायचा आणि परत उठायचं. ते जमलं की दोन्ही गुडघे टेकून, हात खुर्चीवर ठेवून, ताकदीचा पाय पुढे रोवून उठायचं. ते जमलं की रांगत खुर्चीपर्यंत यायचं. शेवटी कुशीवर झोपून, कोपरावर जोर देऊन रांगण्यात यायचं. थोडं थोडं करत खाली उतरत शिकायचं. हे ज्यांना येतं ते पडल्यावर तासन्‌तास तसेच पडून राहत नाहीत, आणि एकट्यानं परड्यात जायला घाबरत नाहीत. फक्त एक लक्षात ठेवा. पडल्यावर जांघेत जबर कळ असेल, पाय आखूड झाल्यासारखा किंवा बाहेरच्या बाजूला वळलेला दिसत असेल, तर उचलून उभं करायचा प्रयत्न करू नका. अंगावर पांघरूण घाला आणि १०८ ला फोन लावा. आणि डोक्याला मार लागला असेल तर पुढचे काही आठवडे लक्ष ठेवा. डोकेदुखी वाढत गेली, झापड येऊ लागली, बोलण्यात गोंधळ झाला, तर लगेच दवाखाना.

घरातलं थोडक्यात सांगते, कारण हे तुम्हाला बहुधा माहीत आहे. न्हाणीतलं शेवाळ पावसाळ्यात आठवड्याला घासलं गेलं पाहिजे, आणि भिंतीत एक पक्का लोखंडी दांडा बसवून घ्या, गवंड्याचं तासाभराचं काम आहे. दारात पाय पुसायला टाकलेलं गोणपाट ओलं होऊन सरकतं, ते काढा. रात्री लघवीला उठायच्या वाटेवर छोटा दिवा ठेवा, आणि आपल्याकडे पावसात लाइट जाते म्हणून उशाशी बॅटरीही ठेवा. लुगडं घोट्याच्या वर नेसायला सांगा. घरात अनवाणी किंवा सैल सपाता घालून चालू नये, पायाला नीट बसणारी, न घसरणारी चप्पल घालावी. पण दांडा बसवला, दिवा लावला की झालं असं समजू नका. पाय कच्चे असतील तर माणूस कोरड्या, उजेडातल्या फरशीवरही पडतो.

त्या कानडी-इंग्रजी कागदाचं म्हणाल, तर तो टाकू नका. पुढच्या वेळी बेळगावला जाल तेव्हा बरोबर घेऊन जा. तिथे केएलई संस्थेचं फिजिओथेरपीचं कॉलेजच आहे, जिल्हा रुग्णालयातही विचारा. तिथे सरळ म्हणा, 'आम्हाला मराठीत सांगा, आणि आत्तींकडून एकदा करून घ्या.' बेळगावच्या दवाखान्यांत मराठी बोलणारं कुणी ना कुणी भेटतंच. मी वर जे सांगितलंय ते बहुतेकांना चालणारं आहे, पण आत्तींचे गुडघे, कंबर, चाल प्रत्यक्ष पाहून जे सांगता येतं ते पत्रातून येत नाही. दोन-तीन भेटी पुरतील. मुलांपैकी कुणाला तरी मोबाइलवर व्हिडिओ काढून घ्यायला सांगा, म्हणजे घरी वाद होणार नाहीत.

राहिली मामंजींची काठी. काठी द्यायला माझी हरकत नाही, भिंत शोधत चालण्यापेक्षा काठी बरी. पण मामंजी आत्तींपेक्षा उंच असतील तर ती तशीच देऊ नका. उंच काठीनं खांदा वर चढतो आणि तोल उलट बिघडतो. आत्तींना चपला घालून सरळ उभं करा, हात मोकळे सोडायला सांगा. मनगटाची घडी जिथे येते तिथपर्यंत काठीची मूठ आली पाहिजे. जास्त असेल तेवढी खालून कापून घ्या. काठी धरायची ती दुखऱ्या किंवा अशक्त पायाच्या विरुद्ध हातात, आणि टाकायची त्या अशक्त पायाबरोबर. बरेच जण ती दुखऱ्या बाजूलाच धरतात. खालचं रबरी बूच बघा. वर्षानुवर्षं कोपऱ्यात पडून ते कडक झालं असेल किंवा झिजलं असेल, तर ओल्या फरशीवर घसरेल. मेडिकल दुकानात नवं मिळतं. काठी सोबत नेऊन मापाचं आणा.